भिजवायचे, पण कुठवर?

सावंगी (मेघे) येथून पश्चिमेला गेलो, की पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. विहिरींचे पाणी खारट. ते दिले, की जमिनीत क्षार साठतात. अशा जमिनीत ओल दिसते, पण क्षारांमुळे ती बियांना शोषता येत नाही. मग पेरणीआधीच त्यांना पाणी पाजले तर?

युक्ती जुनीच. काकडीचे बी दुधात वा पाण्यात भिजवले तर लवकर उगवते, हे थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने इसवी सनापूर्वीच लिहून ठेवले. कोकणात खार जमिनीच्या चिखलात मोड आलेले भात फेकतात, तो ‘रहू’. पण मोड आलेले बी सुकले, की बहुधा मरते. पाऊस लांबला तर बियाणे गेलेच!

नॉटिंगहॅमच्या हायडेकर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये यावर उपाय सुचवला. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बियांना पाणी मिळते, पण मोजकेच. आतली विकरे कामाला लागतात, मूळ मात्र बाहेर पडत नाही. म्हणून बी पुन्हा वाळवता येते. महागडे द्रावण शेतकऱ्याला कुठले परवडायला? हॅरिस व सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या शेतकऱ्यांबरोबर साधे पाणीच वापरून पाहिले (१९९९): हरभरा रात्रभर भिजवा, वरवर सुकवा, पेरा. जमिनीतले क्षार याने हटत नाहीत. त्याला निचरा आणि जिप्समच हवे.