परदेशगमन, तान्ही मुले आणि चवदार तळे

परदेशगमनाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे विद्यार्थी, व्यापारी, बॅरिस्टर आणि मुत्सद्दी यांची नावे सांगावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. कोण कोणत्या साली बोटीवर चढला आणि कोणती पदवी घेऊन परतला, एवढे नोंदले की चरित्रकाराचे काम झाले. परंतु त्या प्रवाशाच्या कडेवर एखादे लहान मूल होते काय, किंवा तसे मूल पाळण्यात ठेवून तो निघाला होता काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक समुद्र ओलांडण्याची किंमत पुष्कळदा मोठ्यांच्या बरोबरीने त्या मुलालाही द्यावी लागली. महाराष्ट्रातील अशा तीन प्रवासांची हकीकत ध्यानात घेतली म्हणजे, पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा एक निराळाच अर्थ उमगतो.

समुद्रयानाला आपल्याकडे जुना विरोध होता. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कृत्यांत केलेली आहे, आणि पुढे कलिवर्ज्यांतही त्याचा समावेश झाला. तथापि शास्त्राने दार बंद करताना एक खिडकी उघडी ठेविली होती. विलायतेहून परतलेल्या गृहस्थाने प्रायश्चित्त घ्यावे, पंचगव्य प्राशन करावे, आणि जातीने त्यास पुन्हा पंक्तीस घ्यावे, अशी वहिवाट एकोणिसाव्या शतकात पडत गेली. लहान मुलांच्या बाबतीत तर धर्मशास्त्रकार अधिकच उदार होते. उपनयनापूर्वी बालकाने कसे वागावे, काय खावे, यासंबंधी गौतमासारख्या सूत्रकाराने पुष्कळ मोकळीक दिलेली आढळते. अजाण जिवाला विटाळाचा दोष लावू नये, ही त्यामागील समजूत होय.

इसवी सन १८८३ चा एप्रिल महिना या दृष्टीने मोठा लक्षणीय आहे. त्या महिन्याच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांच्याबरोबर मूल नव्हते. परंतु मुलाची आठवण होती. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला होता. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचता, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही, आणि वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयास तीच कारण झाली.

त्याच महिन्यात मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण होती, आणि १६ एप्रिल १८८१ रोजी जन्मलेली, म्हणजे नुकतीच दोन वर्षांची झालेली, मनोरमा होती. मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी हे पटकीच्या आजाराने वारले. तिला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाचा काही भाग उभा केला. तरुण विधवेने, जवळ पुरुष माणूस नसता, तान्ह्यातून नुकतीच उठलेली मुलगी घेऊन समुद्र ओलांडावा, ही त्या काळी कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

विलायतेत पोहोचल्यावर हाल संपले नाहीत. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात आश्रय मिळाला. पण थोड्याच महिन्यांत आनंदीबाई भगत यांनी आपल्या जिवाचा अंत करून घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. त्यानंतरही मनोरमेला धर्मशिक्षण कोणी व कसे द्यावे, यावरून रमाबाईंचा त्या भगिनींशी मतभेद झालाच. मुलीवरचा आपला अधिकार त्यांनी ना पुण्याच्या शास्त्र्यांना दिला, ना वाँटेजच्या मठाला. पुढे १८८६ साली त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या, आणि ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिल्या. एक माता मूल गमावून आलेली आणि दुसरी मूल सांभाळीत आलेली, अशा दोघींची ती भेट होती.

तिसरा प्रवास १९१३ सालचा. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळून भीमराव रामजी आंबेडकर त्या वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांचे वडील फेब्रुवारीत वारले होते. पत्नी रमाबाई जेमतेम पंधरा वर्षांच्या, आणि १२ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेला यशवंत सुमारे सात महिन्यांचा. त्याला बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. शिष्यवृत्तीची रक्कम एका माणसाच्या निर्वाहापुरती होती. कोलंबिया विद्यापीठ आणि नंतर लंडन येथे अभ्यास करून ते ऑगस्ट १९१७ मध्ये परतले, तेव्हा यशवंत पाचव्या वर्षात होता. त्याचे पहिले पाऊल आणि पहिला शब्द पित्याच्या वाट्यास आला नाही. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्याकरिता १९२० साली ते पुन्हा विलायतेस गेले आणि १९२३ साली परत आले. या दांपत्याची चार मुले बाळपणीच गेली. त्यांतील लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला.

त्यानंतर आठ महिन्यांनी डॉ. आंबेडकर महाडास आले. सावित्री नदीच्या काठचे, रायगडाच्या पायथ्याकडील हे जुने व्यापारी गाव. गावातील चवदार तळे सार्वजनिक होते. तेथे सवर्ण हिंदू पाणी भरीत, मुसलमान व इतरधर्मीयही भरीत. गुराढोरांनाही मज्जाव नव्हता. मज्जाव फक्त अस्पृश्यांना. मुंबईच्या कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत तळे खुले असल्याचे जाहीर केले होते. पण ठराव कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले. त्याला चाळीस रुपये पडले.

त्या परिषदेतील अध्यक्षीय भाषणात एक विचार असा होता की, आपल्या मुलांची स्थिती आपल्यापेक्षा चांगली व्हावी अशी इच्छा जे आईबाप धरीत नाहीत, त्यांच्यात आणि पशूंत अंतर ते काय? स्वतःच्या चार मुलांना मूठमाती दिलेल्या पित्याच्या तोंडचे हे शब्द आहेत, हे ध्यानात ठेविले पाहिजे. २० तारखेस हजारोंचा समुदाय तळ्यावर गेला आणि डॉ. आंबेडकर पाणी प्याले. मागाहून देवळात शिरण्याची अफवा उठवून परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरी आसरा घेतला. नंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली. १०८ घागरी पाणी उपसून, दही, दूध, शेण व गोमूत्र यांनी भरलेली मडकी मंत्रघोषात तळ्यात बुडविण्यात आली.

येथे जुन्या प्रायश्चित्ताची आठवण होते. सातासमुद्रांपार जाऊन आलेल्या माणसाला पंचगव्य दिले की तो घरचा होई. तळ्याकाठी जन्मलेल्या अस्पृश्याला असे प्रायश्चित्तच नव्हते. त्याच्या स्पर्शाबद्दल पंचगव्य पाण्याला द्यावे लागले. अजाण बालकाला शास्त्राने दिलेली सूटही त्याच्या मुलाला नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडन येथे कोणत्याही नळाचे पाणी पिऊ शकणारा विद्वान महाडास परका ठरला, आणि त्याच गावातील महाराचे वर्षाचे मूल तर प्रवास न करताच परदेशात जन्मास आले होते.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. वाटेत मोटारवाले बहिष्कार घालतील या शंकेने डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले व दासगाव बंदरी उतरले. कारण तेथून महाड पाच मैलांवर, पायी जाण्याजोगे होते. शास्त्राने निषिद्ध मानलेला समुद्रच त्यांना सडकेपेक्षा अधिक भरवशाचा वाटला. न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळे पाणी घेण्याचा बेत तहकूब झाला. परंतु २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले, आणि पुढे स्त्रियांच्या सभेत राहणी स्वच्छ ठेवण्याचा व मुलींनाही शिकविण्याचा उपदेश झाला. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला.

मनोरमा आईच्या कडेवर बसून परदेशी गेली, आनंदीबाईंचे मूल आठवणीत राहिले, यशवंत मागे राहिला. या तिघांच्या मातापित्यांनी समुद्राचे बंधन तोडले, ते पुढच्या मुलांना आपल्याच देशात परक्यासारखे राहावे लागू नये म्हणून. चवदार तळ्याची ओंजळ ही त्याच प्रवासाची अखेरची मजल होय. आणि ती साऱ्या प्रवासात सर्वांत अवघड ठरली.