पॅट्रिक, रूथ
(२६ नोव्हेंबर १९०७ – २३ सप्टेंबर २०१३). ओढे-नद्यांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन जलजीवशास्त्रज्ञ. जन्म टोपिका (कॅन्सस) येथे. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे त्यांनी बिनपगारी काम केले. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा खोऱ्याच्या पाहणीत त्यांनी रसायनांबरोबर प्रवाहातील जीवही मोजले. कारण रासायनिक चाचणी पाण्याची त्या क्षणापुरती स्थिती सांगते. डायाटम शैवाल, कीटक, मासे मागच्या कित्येक दिवसांची हकिकत सांगतात. निरोगी प्रवाहात जाती पुष्कळ, पण प्रत्येकीची संख्या बेताची; दूषित पाण्यात मोजक्याच सोशिक जाती माजतात. जीवांच्या विविधतेवरून प्रवाहाचे आरोग्य ओळखण्याची ही दृष्टी त्यांची सर्वांत मोलाची देणगी. काचपट्ट्यांवर डायाटम गोळा करणारे ‘डायाटोमीटर’ हे उपकरणही त्यांचेच. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.