आणीबाणी : संकट संपते, अधिकार उरतात

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे ‘चले जाव’ आंदोलनाच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ५ जण हुतात्मा झाले. बोईसर-तारापूर परिसरातील सालवड आणि नांदगाव या गावांचे सुपुत्रही त्यांत होते. पालघरचा हुतात्मा स्तंभ त्यांचे स्मरण देतो. त्या वेळी देशात आणीबाणी लागू होती, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

युद्धकाळातील आणीबाणी

दुसरे महायुद्ध सुरू होताच, ३ सप्टेंबर १९३९ रोजी गव्हर्नर जनरलने आणीबाणी जाहीर केली. भारत संरक्षण कायद्याखालील २६व्या नियमाने सरकारला विनाचौकशी स्थानबद्धतेचा अधिकार मिळाला. मुंबईतील केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये हा नियम अवैध ठरविला; परंतु काही दिवसांतच वटहुकूम काढून सरकारने तो पुन्हा वैध करून घेतला. युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी आणीबाणी उठली ती १ एप्रिल १९४६ रोजी.

स्वातंत्र्यानंतर

हाच अनुभव स्वतंत्र भारतातही आला. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी जाहीर झालेली आणीबाणी, युद्ध महिनाभरात थांबूनही, १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. बांगलादेश युद्धाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ रोजी, पुकारलेली आणीबाणी युद्ध दोन आठवड्यांत संपल्यावरही मार्च १९७७ पर्यंत कायम होती. ती चालू असतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून दुसरी आणीबाणी लादण्यात आली. शहा आयोगाच्या अहवालानुसार या काळात १ लाखाहून अधिक लोक स्थानबद्ध झाले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मताने त्यांना दाद मागण्याचा हक्कही नाकारला. न्या. हंसराज खन्ना यांचे मत तेवढे विरोधी होते. २०१७ मध्ये न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरविला.

मुदतीचे बंधन

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला, एका महिन्यात संसदेची संमती आणि दर ६ महिन्यांनी नव्याने मंजुरी आवश्यक झाली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

तथापि हक्कांचा संकोच करण्यासाठी आणीबाणीच लागते असे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर व्यक्त केलेल्या मतावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यावर देशभर टीका झाली आणि पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले. आणीबाणीला आज मुदतीचे बंधन आहे. नेहमीच्या कायद्यांना ते नसते. त्यांच्यावरील पहारा न्यायालयांना आणि नागरिकांनाच द्यावा लागतो.