वेळ आणि वाट

बेळगावचे फडेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. हा आकडा पुष्कळ ठिकाणी छापलेला आढळतो. ज्या रस्त्यावर तो नोंदला गेला, त्याची लांबी मात्र सहसा सोबत नसते. ती ४२.७५ किलोमीटर होती, आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. त्याच गतीने आजच्या अंतराचा हिशेब मांडला तर सुमारे सव्वादोन मिनिटे वजा करावी लागतील. वाट न सांगता दिलेली वेळ ही पोथी न सांगता दिलेल्या पाठासारखी असते. पाठभेदांचा विचारच तिथे खुंटतो.

त्या काळी अंतर लवचीकच होते. मुंबईत जन्मलेल्या दोराबजी टाटांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पाहिलेली 'मॅरेथॉन' सुमारे पंचवीस मैलांची होती. खडीच्या टणक रस्त्यांवर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या वेळा त्यांना युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या आणि अँटवर्पला संघ पाठवण्याची कल्पना तिथून बळावली. 'सुमारे' या शब्दावर एवढी मोठी गोष्ट उभी राहिली! ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये निश्चित झाले. पण अंतर ठरले तरी चढउतार आणि वळणे सगळीकडे सारखी कशी होणार? म्हणूनच मॅरेथॉनच्या वेळेला आंतरराष्ट्रीय महासंघ दीर्घकाळ 'जागतिक सर्वोत्तम' एवढेच म्हणत असे; 'विश्वविक्रम' ही मान्यता १ जानेवारी २००४ पासूनची.

डोंगरवाटांवर एकट्याने धावून वेळ नोंदवणारे धावपटू याहून सावध शब्द वापरतात: सर्वांत वेगवान 'ज्ञात' वेळ. तिथे पंच नसतो, म्हणून आरंभ, शेवट आणि मधली वाट आधी जाहीर करावी लागते. 'ज्ञात' या विशेषणातला प्रामाणिकपणा मला विशेष भावतो.

मुंबईची मोठी मॅरेथॉनही २००४ चीच, १५ फेब्रुवारीची. बोरीबंदरहून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोडचा चढ, हाजीअली, वरळी, माहीम, वांद्रे आणि परत. दादरला हा मार्ग समुद्राच्या बाजूने स्पर्श करतो. परळ-लालबागच्या गिरणगावात तो शिरतच नाही. लालबाग ते गिरगाव ही वाट वेगळ्याच कारणाने घड्याळाला बांधलेली आहे. अनंत चतुर्दशीला सकाळी निघालेला लालबागचा राजा चौपाटीवर पोचेतो दुसरा दिवस उजाडतो, आणि तिथे उशीर हीच प्रतिष्ठा!

मॅरेथॉनकडे वळायचे तर पहिल्या वर्षीचा विजेता, दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला, याची वेळ २:१५:४७ होती. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ मध्ये २:०७:३२ ची नोंद केली. दोन्ही आकडे 'मुंबई' या एकाच नावाखाली येतात. मध्ये, २०१० मध्ये, मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून नेण्यात आला, तेव्हा या दोघांच्या पायांखालचा रस्ता सर्वस्वी एक नव्हता. यादीत वर्ष आणि वेळ यांच्याशेजारी मार्गाचा एक रकाना हवा, आणि तो चौगुल्यांच्या नावापासून भरत यायला हवा.