मढी उठवणारं घराणं : रामसे बंधूंची वाटचाल

हिंदी सिनेमाच्या धंद्यात आपला यवतमाळ जिल्हा आजही 'सी. पी. बेरार'मध्ये मोडतो. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार नावाचा प्रांत स्वातंत्र्यानंतर नकाशावरून पुसला गेला. वऱ्हाड १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण चित्रपट वितरकांच्या वहीत तो प्रांत मेलाच नाही. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडच्या टाकीजना पिक्चर मिळायचा तो या सर्किटच्या वितरकांकडून, आणि त्यांची मोठी पेठ अमरावतीला. मेल्यावरही चालत राहिलेल्या या प्रांतात, मेल्यावर चालणाऱ्या माणसांचे पिक्चर वर्षानुवर्षं चालले, हा योग मला गमतीचा वाटतो. त्या पिक्चरवर नाव असायचं एकाच घरचं : रामसे.

हे घर मूळचं सिंधी. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात 'रामसिंघानी' बसेना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर मंडळी मुंबईत आली, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचंच दुकान थाटलं आणि जोडीला चित्रपटनिर्मिती सुरू केली. १९५४ साली 'शहीद-ए-आझम भगतसिंग', १९६३ साली 'रुस्तम सोहराब'. दुसऱ्यात पृथ्वीराज कपूर होते आणि सुरैय्याही. तो तिचा अखेरचा चित्रपट. म्हणजे हे घर भुतांच्या वाटेला गेलं, तेव्हा मोठ्या नटांचे आणि मोठ्या खर्चाचे चटके त्याने आधीच सोसले होते.

निर्णायक ठरला तो १९७० सालचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'. पिक्चर आपटला. त्यात एक प्रसंग होता : भयानक मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरीला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत नाहीत. पिक्चर रिकामा चालला तरी या प्रसंगाला थिएटर शहारत होतं, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरलं. त्यांनी वडिलांना सुचवलं की सगळाच पिक्चर असा का करू नये? पडेल पिक्चरमधला चालता तुकडा ओळखणं हे खरं व्यापाऱ्याचं डोकं.

फतेहचंदांना सात मुलगे. त्यांनी बाहेरचे तंत्रज्ञ आणण्याऐवजी मुलांनाच तयार करायचं ठरवलं. काश्मीरमध्ये हाउसबोट घेतली आणि जोसेफ मॅसेली यांचं छायालेखनावरचं गाजलेलं पाठ्यपुस्तक समोर ठेवून पोरांची शाळा भरवली. तिथून पुढे वाटण्या झाल्या. कुमारने लिहायचं, तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन, गंगूने कॅमेरा, किरणने आवाज, अर्जुनने संकलन, केशूने निर्मिती आणि पडेल ते. एवढी चोख वाटणी आपल्याकडे शेताचीसुद्धा होत नाही.

१९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. सगळं घर आणि थोडे नट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेले, राहण्याची जागा आणि शूटिंगची जागा एकच ठेवली, आणि चाळीसेक दिवसांत काम उरकलं. खर्च साधारण साडेतीन लाख. त्या काळी हिंदी पिक्चर वर्ष-दीड वर्ष रेंगाळत, नटांच्या तारखांवर लोंबकळत. इथे तारीख कुणाची घ्यायची? दिग्दर्शक भाऊ, कॅमेरावाला भाऊ, आणि युनिटचा स्वयंपाक घरातल्या बायका करत. हा शेवटचा मुद्दा मला सोडवत नाही. कमी बजेटच्या सिनेमाचं कौतुक करताना आपण साडेतीन लाख मोजतो. त्या चाळीस दिवसांत चुलीपुढे झालेलं काम कुठल्याच खात्यात धरलेलं नसतं. जगभरचे असे सिनेमे अशाच न मांडलेल्या मजुरीवर उभे राहिलेत.

गोष्ट साधी. बायको आणि तिचे साथीदार मिळून श्रीमंत नवऱ्याला मारतात, पुरतात आणि तो जमिनीतून बाहेर येतो. इथे एक अडचण होती, ती आपल्या मातीतली. हिंदू कथेत मढं जळतं. लिंगायत, गोसावी, काही आदिवासी जमाती आणि लहान लेकरं सोडली तर पुरायची चाल फारशी नाही, मग उठणार कोण? आपल्याकडे मेलेला परततो तो बिनशरीराचा : मुंजा, हडळ, समंध. रामसेंना शरीर हवं होतं, कारण कॅमेऱ्याला शरीर लागतं. म्हणून त्यांच्या कथांत सतत कबरी, शवपेट्या, साखळदंड आणि चोरून पुरलेली प्रेतं येतात.

याच सुमारास अमेरिकेत हाच धंदा वेगळ्या वाटेने गेला होता. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्याजवळ 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर घालून कंपनी काढली होती. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कारण कृष्णधवल फिल्मवर ते रक्तच दिसतं. आणि झोंबी? ओळखीपाळखीची माणसं, रोजच्या कपड्यांत, पाय ओढत चालणारी. रोमेरोची खरी चतुराई इथे होती. एक राक्षस उभा करायला मुखवटा, रंग आणि रंगभूषाकार लागतो. शंभर झोंब्यांना लागतात शंभर माणसं, तीही दुपारचं जेवण आणि चेष्टामस्करीवर खूश असणारी. रामसेंनी उलटं केलं. त्यांचं मढं नेहमी एकटं, नावगावाचं, सूड घ्यायला आलेलं. सगळा खर्च त्याच्या तोंडावर. त्यामुळे त्यांचा राक्षस लक्षात राहतो, पण भीती हवेलीच्या फाटकाबाहेर जात नाही. रोमेरोचे मुडदे सबंध गावाला वेढतात आणि भीती आतल्या माणसांच्या भांडणातून वाढते. गर्दीच्या जवळ रामसे गेले ते १९८१ च्या 'हॉटेल'मध्ये. दफनभूमीच्या जागेवर हॉटेल उभं राहतं आणि तिथले मेलेले उठतात. कल्पना त्यांच्या सगळ्या पिक्चरांत मला सर्वांत दमदार वाटते. जमिनीच्या लोभावर एवढा सरळ हिंदी भयपट क्वचितच निघाला असेल. पण ती वाट त्यांनी पुढे धरली नाही.

मधल्या काळात 'दरवाजा' (१९७८), 'गेस्ट हाउस' (१९८०), 'दहशत' (१९८१) असं चालू होतं. मग १९८४ साली 'पुराना मंदिर' आला आणि घर शिखरावर पोचलं. त्यातल्या सामरीचं धड देवळामागे पुरलेलं आणि मुंडकं पेटीत वेगळं ठेवलेलं. भूमिका केली अनिरुद्ध अगरवालने. हा गडी रुडकीचा शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवणच अशी की रंगभूषेचं निम्मं काम आईबापांनी करून ठेवलेलं. कमी बजेटवाल्याने शिकावं ते हे : पैसा नसेल तर माणूस शोधा. महाग मुखवटा तीन पिक्चरांत जुना होतो. अगरवालचा चेहरा १९९० च्या 'बंद दरवाजा'त पुन्हा आला, तेव्हाही भीती वाटलीच. वाड्यांचंही तेच. सेट उभारण्यापेक्षा मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा भाड्याने घेतला की झालं. समुद्राचा वारा आणि पडकी कमान त्यात आलीच.

आता उणी बाजू, आणि तीही 'पुराना मंदिर'मध्येच सर्वांत ठळक दिसते. सामरी जागा होईपर्यंत काय काय बघावं लागतं! गाणी, न्हाणीघर, मारामाऱ्या आणि जगदीपचा मच्छरसिंग, म्हणजे 'शोले'ची लांबलचक नक्कल. दीड तासाची भीती अडीच तासांत ताणलेली. लोक म्हणतात, बजेट कमी म्हणून पिक्चर कच्चे राहिले. मला हे पटत नाही. जिथे पैसा कमी होता तिथे हे घर हुशारीने वागलं : अंधार वापरला, वाडा वापरला, इंजिनिअर वापरला. मच्छरसिंगला पैसे लागले, गाण्यांना तर चांगलेच लागले. कमी पडला तो धीर. नुसत्या भीतीवर माणूस अडीच तास बसेल, याची त्यांना खात्री नव्हती, आणि वितरकांना त्याहून नव्हती. सी. पी. बेरारसारख्या सर्किटमध्ये वितरक आगाऊ रक्कम मोजून हक्क घ्यायचा. तालुक्याच्या गावी एका तिकिटात रडणं, हसणं, नाच सगळं मागितलं जातं, असं त्याचं गणित. ते खोटं नव्हतं. पण त्या गणिताने पिक्चर पातळ झाला, हेही खरं.

आपल्याकडच्या टाकीजात हे पिक्चर कसे पोचत, तेही बघायला हवं. प्रिंटा थोड्याच निघत. मोठ्या गावांत फिरून झाल्यावर त्याच पेट्या तालुक्याला येत, तोवर फिल्मवर ओरखड्यांचा पाऊस. प्रोजेक्टरमध्ये जळायचे कार्बन, आणि मालक काटकसरी असला की उजेड मिणमिणता. रामसेंचे निम्मे प्रसंग रात्रीचे, त्यामुळे पडद्यावर कित्येकदा नुसतं काळं. उरायचा तो आवाज : करकरणारं दार, कुत्र्याचं विव्हळणं, वारा, आणि एकदम थांबलेलं संगीत. सात भावांत पोस्टरवर नावं तुलसी-श्यामची मोठी, पण खालच्या वर्गात बाकावर बसलेल्या पोट्ट्यांना घाबरवलं ते किरणच्या ध्वनीने, असं माझं मत आहे. स्वस्त सिनेमात आवाज हा सर्वांत स्वस्त राक्षस असतो, आणि आजचे नवशिके नेमके त्याच्यावर पैसे वाचवतात. चित्र मोबाइलवर सुंदर येतं, आणि संवाद ऐकू येतात विहिरीतून आल्यासारखे.

'पुराना मंदिर'नंतर 'सामरी' (१९८५) थ्री-डीत आला, मग 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९). यशाच्या मागे नकलाकार लागले. मोहन भाकरीचा 'कब्रस्तान' १९८८ चा. विनोद तलवारही त्याच बाजारात. अशा पिक्चरांत वाडा होता, मुखवटा होता, न्हाणीघर तर होतंच, पण थांबून भीती साठू देण्याची कला नव्हती. प्रेक्षकाला फरक कळेनासा झाला आणि सगळ्या मालाचा भाव एकदम उतरला. रामसेंनी स्वतःही त्याला हातभार लावला. तोच बंगला, तोच तांत्रिक, तोच त्रिशूळ. १९९० नंतर 'महाकाल'मध्ये त्यांनी अमेरिकेतला 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'च जवळपास घरी आणला.

मग टीव्ही आला. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि तालुक्याच्या टाकीजला न जाणाऱ्या घरांतही रामसे शिरले. धंदा म्हणून चाल बिनचूक होती. कमी पैशांत, झटपट, ठरल्या वेळी माल देणं या घराला जन्मापासून येत होतं. कलेच्या बाजूने मात्र दर आठवड्याच्या रतिबाने भूत घरगडी होऊन बसलं. केशू केव्हाच वेगळ्या वाटेने गेला होता. अक्षय कुमारचे 'सबसे बडा खिलाडी', 'खिलाडियों का खिलाडी' हे त्याच्या निर्मितीचे. २००३ साली राम गोपाल वर्माच्या 'भूत'ने शहरी फ्लॅटमधली, गाण्यांविना भीती आणली, आणि त्याच वर्षीचा श्याम रामसेंचा 'धुंद' कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. फतेहचंद १९८९ मध्ये गेले, केशू २०१० मध्ये, तुलसी २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये, गंगू २०२४ मध्ये.

मराठीत अस्सल झोंबी आले ते २६ जानेवारी २०२२ ला, आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'त. डोंबिवली, नवे टॉवर, शेजारची वस्ती आणि पाण्यातून पसरणारं संकट. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी नीट पळतात, ओरडतात, हसवतात. गर्दी आहे, आणि ती मराठी बोलते, हे फार मोठं काम. पण भीतीपेक्षा विनोदावर भरवसा जास्त. जवळपास चाळीस वर्षं उलटली तरी मच्छरसिंग कुठल्या ना कुठल्या वेषात येतोच. त्या मानाने रामसेंची खरी काटकसर मला विशाल फुरियाच्या २०१७ च्या 'लपाछपी'त दिसते, झोंबी नसूनही. एक घर, एक गरोदर बाई, भोवती ऊस. उसाला मानधन लागत नाही आणि तो चोहोबाजूंनी घेरतो. हिंदीवाल्यांनी त्याचा 'छोरी' केला.

बाहेरचं ताजं उदाहरण जपानचं. २०१७ साली शिनिचिरो उएदाने एका अभिनयशाळेतल्या नवख्या नटांना घेऊन, सुमारे ३० लाख येनमध्ये 'वन कट ऑफ द डेड' केला. सुरुवातीचा ३७ मिनिटांचा शॉट एकसलग. त्यात सगळं चुकतं : नट अडखळतात, कॅमेरा पडतो, मध्येच अर्थहीन शांतता. आणि उरलेल्या पिक्चरमध्ये त्या प्रत्येक चुकीचं कारण कळत जातं. रामसे आपली ठिगळं लपवायचे, उएदाने ठिगळांचीच गोष्ट केली. पिक्चरने काही शे कोटी येन कमावले.

यवतमाळात कुणी असा उद्योग करायला बसलाच, तर 'लपाछपी'सारखा ऊस शोधायला पुसद-उमरखेडकडे जावं लागेल. बाकी जिल्हा कापसाचा, आणि पऱ्हाटीत माणूस लपत नाही. कमरेवरचा सगळा दिसतो. तुरीत मात्र लपतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर डोक्यावर जाते, सकाळी धुकं फुकट मिळतं, आणि वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट ऐकला तर वेगळं पार्श्वसंगीत कशाला? फक्त सोंगणीच्या आत उरकायला हवं.