वही ऑफिसात, मेल क्लाउडवर

आज गड-किल्ले नाहीत, आज आपल्या ऑफिसच्या मेलचा इतिहास. सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपला जो पासवर्ड टाकता, तोच फोनवर मेल उघडताना चालतो ना? मेल तर कुठल्यातरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये असतो. मग त्याला तुमचा पासवर्ड कळतो कसा?

गोष्ट सुरू होते 1988 साली. त्या वर्षी एक्स.500 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. स्वप्न असं, की टेलिफोन डिरेक्टरीसारखी अख्ख्या जगाची एक यादी. कल्पना भारी, पण चालवायला जड. 1993 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी तिची हलकी आवृत्ती काढली, एलडॅप. त्यातला 'एल' म्हणजे लाइटवेटच!

पुढे फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेल सर्व्हरची यादी वेगळी आणि लॉगिनची वेगळी होती. आता वही एकच झाली. माझ्या मते खरं वळण हेच, क्लाउड नंतरचा. पण तेव्हा अनेक अ‍ॅडमिननी ऑफिसच्या नेटवर्कला 'डॉट लोकल'वर संपणारी नावं दिली. हे नेटवर्क कधी बाहेर जाणारच नाही, अशी समजूत!

28 जून 2011 ला ऑफिस 365 आलं आणि ती समजूत अंगाशी आली. क्लाउड आधी विचारतो, हे डोमेन तुमचंच कशावरून? मग डीएनएसमध्ये त्याने दिलेली नोंद टाकून मालकी सिद्ध करायची. 'डॉट लोकल' इंटरनेटवर नसतंच, मग सिद्ध काय करणार? म्हणून आधी खरं डोमेन जोडून सगळ्यांची लॉगिन नावं बदलायची. सर्वात कंटाळवाणं काम हेच, आणि ते टाळलं की लोकांना 'ऑनमायक्रोसॉफ्ट'वाले विचित्र पत्ते मिळतात.

मग वहीची नक्कल वर पाठवायची. सुरुवातीचं डिरसिंक हे दर तीन तासांनी करायचं. 2015 मध्ये अझुर एडी कनेक्ट आलं आणि पुढे ही फेरी दर 30 मिनिटांनी होऊ लागली; पासवर्डचा बदल मात्र साधारण दोन मिनिटांत जातो. आणि वर जातो तो पासवर्ड नव्हे, त्याच्या हॅशचा पुन्हा केलेला हॅश.

आता विचार करा. कोणाला नोकरीवरून काढलं, ऑफिसात त्याचं खातं बंद केलं. क्लाउडवर ते पुढच्या फेरीपर्यंत चालूच! अर्धा तास म्हणजे ग्राहकांची यादी स्वतःला मेल करायला भरपूर झाला. म्हणून शहाणे अ‍ॅडमिन दोन्हीकडे हाताने बंद करतात.

अजून एक गंमत. वही ऑफिसातली असेल, तर मेलचे पत्तेही तिथेच बदलावे लागायचे. त्यामुळे सगळा मेल वर गेला तरी अनेक ठिकाणी एक रिकामा एक्सचेंज सर्व्हर कोपऱ्यात घरघरत राहिला. मार्च 2021 मध्ये एक्सचेंज सर्व्हरवर जगभर हल्ले झाले. क्लाउडवरचा मेल बचावला, पण इंटरनेटला उघडे आणि पॅच नसलेले असे रिकामे सर्व्हरही धोक्यात आले. अखेर एप्रिल 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो शेवटचा सर्व्हर बंद करायची सोय दिली. फक्त बंद करायचा बरं का, अनइन्स्टॉल नाही.