डावा वाजतो, उजवा मुका

स्टिरिओचा इतिहास बहुतेक वेळा कानाच्या अंगाने लिहिला जातो. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन स्वतंत्र आवाज कोरण्याची युक्ती त्यात होती, पण स्टिरिओ रेकॉर्डी दुकानांत दिसू लागायला १९५८ उजाडावे लागले. तिथून पुढे गोष्ट वळते ती थेट वादकांच्या बैठकीकडे: व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे. दोन चॅनेलांच्या या सोयीचा दुसरा, कोणी न योजलेला लाभ मात्र दुरुस्तीच्या टेबलावर झाला. बिघडलेल्या यंत्राशेजारी त्याच वयाचे, त्याच घराची दमट हवा खाल्लेले, अगदी तसेच पण धडधाकट यंत्र एकाच खोक्यात मिळू लागले. घरगुती ॲम्प्लिफायरची दुरुस्ती सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणण्यात मीटरइतकाच या जोडीदार चॅनेलचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ मध्ये आणलेला ‘स्टिरिओ ७०’ पाहा. चॅनेलमागे ३५ वॅट. सुटे भाग घेऊन घरी डाग देत जोडायचीही सोय. चार ईएल३४ व्हॉल्व्ह, दोन ७१९९ आणि दोन्ही बाजूंना वीज पुरवणारा एकच जीझेड३४. ही मांडणीच निदान शिकवते. दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या, तर संशय सामायिक पुरवठ्यावर. एकच गप्प असेल, तर आधी इनपुटच्या वायरी अदलाबदल करायच्या: मुकेपणा वायरीबरोबर बाजू बदलून गेला तर दोष ॲम्प्लिफायरच्या आधी, जागीच राहिला तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्यापुढे. मग यंत्र बंद करून ७१९९ची जागा बदलायची. प्रत्येक बाजूचा बायस वेगळा लावता येई आणि त्याचे माप १.५६ व्होल्ट ठरलेले होते, म्हणजे साध्या मीटरवरही दोन्ही बाजू ताडून पाहता येत.

यावर कोणी म्हणेल, पद्धतशीर शोध स्टिरिओच्या आधीचाच आहे. खरे आहे. जॉन रायडरची रेडिओ दुरुस्तीची जाडजूड मॅन्युअले १९३० पासून निघत होती आणि सिग्नलचा माग टप्प्याटप्प्याने काढण्यावर त्याने १९३९ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पण त्या पद्धतीला उपकरणे लागत, आणि कुठे किती व्होल्ट हवेत ते सांगणारा कागद लागे. कागद हरवला की मेकॅनिकच्या हाती अंदाज उरे. स्टिरिओत तो कागद दुसऱ्या चॅनेलच्या रूपाने समोर असतो, आणि छापील आकड्यांपेक्षा खराही, कारण त्या दिवशीचा घरातला वीजदाब त्यात धरलेला असतो.

ट्रान्झिस्टर आले तेव्हा या जोडीदाराची किंमत आणखी वाढली. थेट जोडणीच्या सर्किटमध्ये आउटपुटमधून फीडबॅक मागे इनपुटच्या टप्प्यापर्यंत जातो. त्यामुळे एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की साखळीतले जवळजवळ सगळे व्होल्टेज बिघडतात आणि आरोपी कोण, बळी कोण हे कळेनासे होते. अशा वेळी यंत्र बंद ठेवून दोन्ही बाजूंचे तेच तेच बिंदू मीटरने ताडून पाहणे हाच शहाणा मार्ग. आउटपुटचा जळका ट्रान्झिस्टर तेवढा बदलून वीज सोडली, तर नवाही जाण्याची भीती असते. त्याच्यामागचा ड्रायव्हर आणि एमिटरचा रोधक तपासावाच लागतो. म्हणून मेनमध्ये सिरीज बल्ब लावूनच चालू करायचे.

या पद्धतीची आंधळी भक्तीही महागात पडते. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या बिघडलेल्या बाजूवर डीसी आलेला असेल, तर चांगला स्पीकर तिथे लावणे म्हणजे त्याची कॉइल जाळणे. अदलाबदलीआधी मीटर हवाच. शिवाय दोन्हीकडचे कपॅसिटर सारखेच सुकले असतील, तर तुलना बिनदिक्कत खोटी ग्वाही देते. हा आक्षेप मला खोडता येत नाही. जोडीदार ‘वेगळे काय’ एवढेच सांगतो, ‘चूक काय’ हे नाही.

पुढे सान्योच्या एसटीके मालिकेतल्या काही आयसींनी दोन्ही चॅनेल एकाच काळ्या ठोकळ्यात बसवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधणाऱ्यांना हे नाव पाठ असते. तिथेही तुलना चालते, पण पिनांपर्यंतच: बाहेरचे भाग दोन्ही बाजूंना सारखे निघाले आणि आवाज मात्र एकाच बाजूला असला, तर एक चॅनेल ठणठणीत असूनही आख्खा आयसी काढावा लागतो.